कागद गुजरातीत, सही मराठीत

(नवागाम, सुरत इथे झालेल्या युवक बैठकीतलं भाषण. बोलताना अडखळले ते लिहिताना थोडं नीट केलंय, बाकी तसंच ठेवलंय.)

बेळगाव-निपाणीहून एवढा प्रवास करून आलेले मित्र, उंबरगाव आणि नवापूरकडचे मित्र, आणि आमच्या नवागाम-डिंडोलीतले काका, मावश्या, ताई, दादा, सगळ्यांना नमस्कार.

मला विषय दिलाय 'सीमाप्रश्न आणि आजचा तरुण'. मी राज्यशास्त्र शिकते, म्हणजे आता ही १९५६ ची राज्य पुनर्रचना, महाजन आयोग, सर्वोच्च न्यायालयातला २००४ चा दावा असं सगळं सांगणार, असं तुम्हाला वाटलं असेल. ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तुम्ही ते जगलाय, मी ते परीक्षेत लिहिलंय. म्हणून आज मी आमच्या घरातल्या एका कागदाबद्दल बोलणार आहे.

आधी पाहुण्यांसाठी थोडं आमच्याबद्दल. नवागाम हा सुरत शहराचाच भाग. उधना स्टेशनवर उतरून इकडे आलात तेव्हा तुमच्या कानावर मराठी पडली असेल, पण ती पुण्याची मराठी नव्हती. ती अहिराणी. इथे नवीन माणूस भेटला की पहिला प्रश्न असतो, "कोनता गावना शेतस?" उत्तर येतं शिंदखेडा, अमळनेर, नंदुरबार, पारोळा, धरणगाव. उधना-जळगाव ही ३०० किलोमीटरची रेल्वेलाईन म्हणजे आमची नाळ आहे. श्रावणात कानबाई इथेही बसते, रोट इथेही होतात, आणि गावाकडचे जेवढे लोक गावात उरलेत, तेवढेच इथल्या गल्लीत सापडतील असं आमची आई म्हणते.

तुमच्यात आणि आमच्यात एक फरक आहे. तुमच्याकडे माणसं जागेवर राहिली आणि सीमा हलली. १ मे १९६० ला उंबरगाव आणि नवापूर-तळोदा-अक्कलकुव्याकडची काही गावं रात्रीतून गुजरातेत गेली, डांगही गेला. तिथला माणूस झोपला तिथेच उठला. आमच्याकडे सीमा जागेवर आहे, माणसं हलली. आम्हाला कुणी ढकललं नाही. पाऊस पडला नाही, विहीर आटली, कापसाला भाव आला नाही, आणि आमचे आईबाप गाडीत बसले. माझ्या पप्पांना विचारलं की ते एका वाक्यात सांगतात, "पोट भराले सुरतले उनूत." त्यामुळे ही जमीन आमची, हे राज्य इकडे जोडा, असं आम्ही म्हणू शकत नाही आणि म्हणत पण नाही. मग आमचा सीमेशी संबंध काय? तेच सांगते.

नवापूरच्या मित्रांना त्यांचं स्टेशन माहीत आहे. बाकीच्यांनी नसेल पाहिलं तर परतीच्या वाटेवर बघा. त्या प्लॅटफॉर्मच्या मधून राज्याची हद्द जाते. तिकीट खिडकी महाराष्ट्रात आणि स्टेशन मास्तर गुजरातेत. हद्दीवर एक बाकडं आहे, अर्धं इकडे, अर्धं तिकडे. लोक त्यावर बसून फोटो काढतात. लहानपणी मला पण खूप गंमत वाटायची. दिवाळीला गावी जाताना गाडी तिथे थांबली की मी पप्पांना म्हणायचे, आता आपण महाराष्ट्रात आलो. पप्पा म्हणायचे, झोप, अजून नंदुरबार पण नाही आलं.

गाडीतल्या माणसाला तिथे कुणी काही विचारत नाही. घटनेच्या कलम १९ नं आपल्याला देशात कुठेही जायचा आणि राहायचा हक्क दिलाय. पण त्या स्टेशनवर आपल्याबरोबरच्या काही गोष्टी गाडीतून उतरून जातात आणि आपल्याला ते कळत पण नाही. ते कळायला आम्हाला १९ वर्षं लागली.

माझे पप्पा १९९९ ला सुरतला आले आणि लूमच्या खात्यात लागले. पॉवरलूमच्या कारखान्याला इथे 'खाता' म्हणतात. बारा तासांची पाळी. एक पंधरवडा दिवसपाळी, एक पंधरवडा रातपाळी. पगार नाही, मीटरवर पैसे. जेवढं कापड निघालं तेवढे. वीज गेली, बीम उशिरा आला, तार सारखी तुटत राहिली, तर तो तोटा कामगाराचा. पप्पा एकटे आठ-दहा मशीन सांभाळायचे. २०२० च्या एप्रिलमध्ये गुजरात सरकारनं एक अधिसूचना काढली होती, कारखान्यात ९ च्या जागी १२ तास काम चालेल आणि जादा तासांना दुप्पट दर द्यायची गरज नाही. कामगार संघटना कोर्टात गेली आणि १ ऑक्टोबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली. आमच्या वर्गात यावर चर्चा झाली, मित्रमैत्रिणी फार तावातावानं बोलले, बारा तास म्हणजे गुलामगिरी वगैरे. मी गप्प बसले होते. आमच्या घरी त्याला दिवसपाळी म्हणतात.

खात्यात गेलेल्यांना माहीत आहे, आत बोललेलं ऐकू येत नाही. ओठ बघून आणि हातवारे करून बोलतात. हळूहळू पप्पांचे कान गेले. घरात पण ते ओरडून बोलायला लागले. नवीन शेजारी आले की त्यांना वाटायचं आमच्याकडे रोज भांडण होतं. मला खूप नंतर कळलं की मोठ्या आवाजानं जाणारं ऐकणं हा कायद्यात नोंदलेला व्यवसायजन्य आजार आहे. कारखाना कायद्याच्या यादीत होता आणि कामगार भरपाई कायद्याच्या यादीत पण होता. आम्ही आपलं कानात कोमट तेल टाकत होतो.

२०१८ मध्ये पप्पांना मशीन बिघडल्याचा आवाज कळेनासा झाला. दोनदा कापड खराब गेलं. शेठ वाईट बोलला नाही. म्हणाला, भाई, आता आराम करा, तुमचा हिसाब करून देतो. आणि एक कागद दिला, उद्या सही करून आणा.

तो कागद पप्पा घरी घेऊन आले. मी तेव्हा पंधरा वर्षांची. मराठी शाळेत शिकलेली, पण गुजराती चांगली वाचता यायची. डोक्यावरची रेघ काढली की अर्धी अक्षरं आपलीच आहेत, बाकीची दुकानांच्या पाट्या वाचून येतात. गल्लीत लाईटबिल आलं, शाळेची चिठ्ठी आली, महापालिकेची नोटीस आली की लोक माझ्याकडे यायचे. मला त्याचा फार अभिमान होता. मी गल्लीची वाचणारी पोरगी होते.

पप्पांनी कागद पुढे केला आणि विचारलं, "काय लिखेल शे यामा?"

मला ट्यूशनला उशीर होत होता. मी वरच्या दोन ओळी वाचल्या. नाव, पत्ता, मी अमुक अमुक इथे काम करत होतो. खाली बारीक अक्षरात अजून बरंच होतं. मी म्हटलं, "नेहमीनाच कागद शे. करी टाका सही."

पप्पांनी सही केली. मराठीत. त्यांना तेवढीच येते, नाव आणि आडनाव, एकेक अक्षर सुटं सुटं काढून. दुसऱ्या दिवशी वीस हजार रुपये मिळाले आणि आईसाठी एक साडी.

खालच्या ओळींत लिहिलं होतं की मी माझ्या राजीखुशीनं काम सोडत आहे, आजपर्यंतचा सगळा हिशोब मला मिळाला आहे, आणि माझं काहीही येणं बाकी नाही.

हे मी पहिल्यांदा नीट वाचलं बारावीनंतर, कॉलेजच्या फॉर्मसाठी पेटीत कागद शोधताना. पप्पांनी त्याची झेरॉक्स जपून ठेवली होती, पोरीनं वाचलेला कागद म्हणून.

तोपर्यंत मला ग्रॅच्युइटी हा शब्द माहीत झाला होता. तेव्हा १९७२ चा कायदा होता. दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी पाच वर्षं सलग काम केलं की दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार मिळतो, महिना २६ दिवसांचा धरून. मीटरवर काम करणाऱ्याला पण मिळतो, शेवटच्या तीन महिन्यांची सरासरी काढतात. पप्पांना तेव्हा महिन्याला साधारण अठरा हजार पडायचे. मी वहीत गणित केलं. अठरा हजार भागिले २६, गुणिले १५, गुणिले १९. एक लाख सत्त्याण्णव हजार तीनशे सात रुपये. दोनदा करून बघितलं.

त्या कायद्यात असं पण होतं की कुठल्याही करारापेक्षा तो कायदा वर. म्हणजे पप्पांची ती सही त्यांचा हक्क मारू शकत नाही. उशीर झाला तरी कारण सांगून अर्ज करता येतो. आम्ही तो केला. पण अर्जाला पुरावा लागतो. पप्पांकडे पगाराची पावती एक पण नाही, ओळखपत्र नाही, पीएफ नाही. त्यांनी १९ वर्षं तिथे काम केलं हे सांगणारे दहा-बारा जण आहेत, पण ते अजून तिथेच कामाला आहेत, त्यांना कशाला अडचणीत आणायचं. आणि एकाच छपराखाली चार वेगवेगळ्या नावांचे कारखाने कागदावर दाखवलेत, प्रत्येकात दहापेक्षा कमी माणसं. ही सुरतची जुनी पद्धत आहे, इथल्या बऱ्याच खात्यांत अशीच असते. ते पैसे आजपर्यंत मिळालेले नाहीत.

ही गोष्ट मी कुणाला सांगत नव्हते. आज सांगतेय, कारण सीमाप्रश्नावर बोलताना आपण नेहमी म्हणतो, आपल्या भाषेत कागद मिळाला पाहिजे. बरोबर आहे, मिळालाच पाहिजे. पण माझ्या घरात काय झालं बघा. पप्पांना भाषा येत नव्हती म्हणून ते फसले, हे अर्धंच खरं आहे. मला भाषा येत होती. मला कायदा येत नव्हता, आणि मला घाई होती. तो कागद मराठीत असता तर पप्पांनी स्वतः वाचला असता, कदाचित विचारलं असतं, हे येणं बाकी नाही म्हणजे काय. पण उत्तर आमच्या गल्लीत कुणाकडेच नव्हतं. म्हणून मी राज्यशास्त्र घेतलं. घरचे म्हणत होते कॉमर्स कर, निदान मार्केटमध्ये हिशोबाचं काम मिळेल.

आता आईचं सांगते, थोडक्यात. पप्पांचं काम सुटल्यावर घर आईनं चालवलं. ती घरी साड्या आणते. मागच्या बाजूला लोंबणारे धागे कापायचे, लेस लावायची, टिकल्या चिकटवायच्या. साडीमागे काही रुपये. डाग पडला तर पैसे कापतात. नवागाममध्ये दुपारी कुठल्याही घरात डोकावा, पलंगावर साड्यांचा ढीग आणि भोवती बायका दिसतील. फॉर्मवर 'आई काय करते' या रकान्यात मी अनेक वर्षं 'गृहिणी' लिहायचे. २०२१ मध्ये ई-श्रम पोर्टल सुरू झालं तेव्हा मी तिची नोंद केली. कामगार म्हणून तिचं नाव कुठे लिहिलं गेलं ते आयुष्यात पहिल्यांदा. ती म्हणाली, म्हणजे मी कामाला आहे तर! आम्ही सगळे हसलो.

तिसरी गोष्ट आमच्या गल्लीतल्या एका दादाची. अनुसूचित जातीतला मुलगा, हुशार, सुरतमध्येच जन्मलेला. त्याचे वडील नव्वदच्या दशकात इकडे आले. त्याला इथे जातीचा दाखला मिळत नाही, कारण दाखला मूळ राज्याचा. सर्वोच्च न्यायालयानं १९९० मध्ये मर्री चंद्रशेखर राव खटल्यात आणि पुन्हा २०१८ मध्ये बीरसिंग खटल्यात हेच सांगितलंय की एका राज्यातली अनुसूचित जात दुसऱ्या राज्यात गेल्यावर आपोआप लागू होत नाही. बरं, तो महाराष्ट्रात अर्ज करायला गेला, तर तिथे अधिवास मागतात, पंधरा वर्षांचा रहिवास. तो कुठून आणणार? त्याला मी एकदा म्हटलं, तू त्या नवापूरच्या बाकड्यासारखा आहेस. त्याला ते आवडलं नाही. तो म्हणाला, बाकड्याला दोन्ही राज्यं आपलं म्हणतात.

न्यायालयाची बाजू पण मी शिकलेय. जात एकच असली तरी प्रत्येक राज्यातली परिस्थिती वेगळी, आणि बाहेरून येणाऱ्यांनी इथल्या वंचितांच्या जागा घेऊ नयेत. हे म्हणणं चुकीचं नाही. पण सुरतमध्ये जन्मलेल्या, सुरतमध्ये शिकलेल्या मुलाला 'बाहेरून आलेला' किती पिढ्या म्हणायचं, याचं उत्तर मला पुस्तकात मिळालेलं नाही. गावात त्याच्या आजोबांना जी वागणूक मिळाली ती नवापूरला गाडीतून उतरली नाही. इथे भाड्यानं खोली बघताना त्याला आडनाव विचारतातच. दाखला मात्र उतरला.

हे बदलू शकत नाही असं कुणी म्हणालं तर त्याला रेशनचं सांगा. पूर्वी आमचं रेशनकार्ड गावाचं, म्हणून इथे धान्य नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये 'एक देश एक रेशनकार्ड' सुरू झालं तेव्हा देशात पहिल्यांदा ज्या दोन जोड्या घेतल्या, त्यातली एक आंध्र-तेलंगणा आणि दुसरी महाराष्ट्र-गुजरात. आता गावच्या कार्डावर इथल्या दुकानात गहू मिळू शकतो. अंगठा जुळला नाही, माल संपला, या कटकटी आहेत. तरी पण गव्हाला हद्द ओलांडता आली. मग बाकीच्या गोष्टींना का नाही, हे विचारायचा हक्क आपल्याला आहे.

आता जरा अवघड मुद्दा. रागावू नका.

१९४८ च्या कारखाना कायद्यात कलम १०८ होतं. कारखान्यात ज्या सूचना लावायच्या त्या इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत लावायच्या. राज्याच्या भाषेत नाही, कामगारांच्या भाषेत. मला हे कलम वाचून फार आनंद झाला. म्हटलं हे आपलं हत्यार. मी हे पप्पांना ओरडून सांगितलं. पप्पा म्हणाले, आमच्या खात्यात तर ओडिया लोक जास्त होते.

आणि ते खरं आहे. सुरतच्या लूमवर गंजामचे लोक खूप आहेत. म्हणजे त्या कलमानं पप्पांच्या खात्यात ओडिया पाटी लागली असती. मग मी काय म्हणायचं? मराठीचा हक्क मागायचा आणि ओडियाचा आला की गप्प बसायचं? २०२० मध्ये संसदेनं असे १३ कायदे एकत्र करून नवी संहिता केली. कायद्याचं नाव बदललं, प्रश्न तोच आहे. जो माणूस काम करतो त्याला त्या कामाचे नियम समजले पाहिजेत. हे मी मराठी आहे म्हणून मागत असेन तर मला ते ओडिया माणसासाठी पण मागावं लागेल. आणि महाराष्ट्रात बिहारी, उत्तर प्रदेशी माणसासाठी पण. २००८ मध्ये तिकडे त्यांना मारलं गेलं. २०१८ मध्ये इकडे उत्तर गुजरातमधून हिंदी बोलणाऱ्यांना पळून जावं लागलं. त्या वेळी आमच्या गल्लीत पण दोन-चार दिवस लोक रस्त्यावर हळू आवाजात बोलत होते. मला तो हळू आवाज विसरता येत नाही. बेळगावात तुमच्यावर जे होतं त्याचा राग मला येतो, कारण मी तो आवाज ऐकलाय. पण तोच आवाज नाशिकमध्ये दुसऱ्या कुणाचा असेल तर मला तितकाच राग यायला हवा. नाहीतर ती फक्त बाजू झाली, हक्क कुठे झाला?

शेवटचं. गेल्या दीड वर्षापासून आम्ही चार मुली दर रविवारी सकाळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी, ओट्यावर बसतो. संस्था नाही, नाव नाही, पावतीपुस्तक नाही. लोक कागद घेऊन येतात. कामाचा, बँकेचा, भाड्याचा, दवाखान्याचा. आम्ही तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो आणि त्यांच्या भाषेत सांगतो. आमचा एकच नियम आहे, पूर्ण वाचल्याशिवाय सही करा म्हणायचं नाही. कळलं नाही तर तसं सांगायचं, आणि वकिलाला विचारून पुढच्या रविवारी उत्तर द्यायचं. ओडिया लोक पण येतात, त्यांच्याशी मोडकी हिंदी चालते. पगाराची पावती मागा, नाही दिली तर निदान स्वतःच्या वहीत तारखेनं मीटर लिहून ठेवा, हे आम्ही प्रत्येकाला सांगतो. एक वही पप्पांकडे असती तर!

बेळगावच्या मित्रांनो, तुम्ही मराठी परिपत्रकांसाठी मोर्चे काढता. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांच्या वर असतील तिथे त्यांच्या भाषेत महत्त्वाचे कागद द्यायचे, हे देशानं कधीच कबूल केलंय. ती लढाई सोडू नका. पण परिपत्रक मराठीत येईपर्यंत तुमच्या गल्लीतली मावशी कन्नड कागदावर मराठीत सही करत राहणार आहे. तिच्या शेजारी कुणीतरी बसलं पाहिजे, ज्याला कन्नड वाचता येतं आणि कायदा पण माहीत आहे. कन्नड वाचायला शिकलं म्हणजे मागणी सोडली असं होत नाही. मी गुजराती शिकले म्हणून माझी अहिराणी कमी झाली नाही.

मी आज तुम्हाला नकाशा दाखवायला उभी नाही. परत गेल्यावर एक करा. घरातली पेटी उघडा, आईबापाच्या सह्या असलेले कागद काढा आणि खालच्या बारीक अक्षरांपर्यंत वाचा. काही सापडलं तर रडत बसू नका, तारीख बघा, कायदा बघा.

पप्पा आज इथे आलेत, मागच्या रांगेत बसलेत. मी काय बोलले ते त्यांना फारसं ऐकू आलं नसेल. घरी गेल्यावर मला ते पुन्हा ओरडून सांगावं लागेल, सगळं, शेवटच्या ओळीपर्यंत. शेजाऱ्यांनो, आज रात्री आमच्याकडे आवाज आला तर भांडण समजू नका.